ग्लुटेन नसलेला नाश्ता: डब्यावरचं लेबल, गिरणीतलं पीठ आणि ज्वारीच्या लाह्या

आजच्या भागात ॲप नाही, फोन नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आजचा विषय आहे सकाळचा नाश्ता, आणि तोही सिलिॲक आजार असलेल्या लहान मुलांचा. ऐकताना आकडे पटपट निघून जातात, म्हणून या भागाचं लिखित रूप थोडं नीट करून खाली देतोय.

मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या भाचीला हा आजार आहे आणि ताई संगमनेर तालुक्यात राहते. घरात कुठलाही नवीन डबा आला की मागच्या बाजूचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो, "हे चालेल का बघ रे." दोन वर्षं फोटो बघून बघून जे कळलं ते सांगतो.

आधी आजार थोडक्यात. गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिॲक असलेल्या मुलानं ती खाल्ली की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सपाट होतं, अन्न शोषलं जात नाही. आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं ना, "पोरगं खातं पण अंगी लागत नाही"? त्यातल्या काही मुलांना हे असतं. उंची वाढत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी असतं, आणि घरचे जंताचं औषध देत राहतात. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण ९६ जणांमागे एकाला हा आजार सापडला. दक्षिणेकडे प्रमाण बरंच कमी आहे.

एक गोष्ट ठळक सांगतो: शंका आली म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी, आणि डॉक्टर म्हणाले तर एंडोस्कोपी. गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते आणि मग सगळंच अडकतं.

गव्हाचा दोष सापडला त्याची गोष्टही भारी आहे. विलेम डिके नावाचे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना युद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि वॉर्डातली ही आजारी मुलं चक्क सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. औषध आजही तेच आहे: ग्लुटेन बंद, आयुष्यभर.

आता नाश्ता. सगळ्यांना पहिला सुचतो तो कॉर्नफ्लेक्स. मका म्हणजे ग्लुटेन नाही, मग प्रश्नच मिटला! पण मागे बारीक अक्षरात बघा. बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी माल्ट एक्स्ट्रॅक्ट असतो आणि तो सहसा जवाचा असतो. म्हणजे मका निर्दोष आणि पाकीट दोषी. चॉकलेटी सीरियल तर बहुतेक गव्हाचंच. दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच, हॉर्लिक्स मुळात गहू आणि जवाच्या माल्टपासूनच बनतं. इथे एक गोंधळ होतो. नाचणीचं माल्ट म्हणजे मोड आणलेल्या नाचणीचं पीठ, त्यात स्वतःचं ग्लुटेन नाही. "माल्ट" शब्द दिसला की लगेच फेकायचं नाही, माल्ट कशाचं ते वाचायचं. आणि नुसतं "माल्ट" लिहिलं असेल तर जवाचं समजून परत ठेवायचं.

पाकिटावर "ॲलर्जी" अशा अर्थाची ओळ असते. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे ग्लुटेन असलेली धान्यं तिथे जाहीर करावी लागतात. मी घटकांच्या यादीआधी ती ओळ वाचतो, दहा सेकंदात निकाल लागतो. "मल्टीग्रेन", "नाचणी बिस्किट", "मैदा नाही" हे पुढच्या बाजूचे शब्द जाहिरातीचे. नाचणी बिस्किटात पहिला घटक गहू निघालेला मी कितीदा पाहिलाय.

"ग्लुटेन-फ्री" हा शब्द मात्र नियमातला आहे. एफएसएसएआयची मर्यादा आहे एका किलोत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजेच २० पीपीएम. हा आकडा किती छोटा आहे हे कळावं म्हणून मी एकदा हिशोब मांडला. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरा. मग एक किलो ज्वारीच्या पिठात ०.२ ग्रॅम, म्हणजे चिमटीभर, कणीक मिसळली की मर्यादा संपली. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, म्हणजे किलोभर ज्वारीत पाच दाणे गहू, तरी तेच.

आणि इथेच आपल्या जिल्ह्याची खरी गोची आहे. आपण ज्वारी-बाजरीवाले. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, जामखेड-कर्जत-पारनेरकडे रब्बीची ज्वारी हेच मुख्य धान्य. आजोबांच्या पिढीचा सकाळचा खुराक म्हणजे दुधात कुस्करलेली भाकरी, पोळी सणाला. सिलिॲक असलेल्या मुलासाठी याहून चांगला जिल्हा शोधून सापडणार नाही, असं वाटतं. पण ती ज्वारी दळली कुठे? गावातल्या गिरणीत, गव्हाच्या मागोमाग. गिरणीवाल्या काकांना विचारलं तर ते सरळ सांगतात, "आत्ताच गहू काढला की." दगडांच्या मधे आणि पीठ पडतं त्या कापडी पिशवीत आधीचं पीठ राहतंच.

समजा १०० ग्रॅम कणीक मागे राहिली आणि ती तुमच्या दहा किलो दळणात मिसळली. ग्लुटेन झालं दहा ग्रॅम, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम. मर्यादेच्या पन्नासपट. त्यातलं ५० ग्रॅम पीठ मुलाच्या पोटात गेलं की ५० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना रोज एवढंच, ५० मिलिग्रॅम, तीन महिने दिलं, तर आतड्याचं अस्तर बिघडलं. म्हणजे घरात गव्हाचा कण नाही, आई रोज पहाटे उठून भाकरी थापतेय, आणि मुलाचा रिपोर्ट काही खाली येत नाही, असं खुशाल होऊ शकतं. त्यात दोष आईचा नाही, दळणाचा आहे.

घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही तर प्रश्न सुटतो. पण सगळ्यांना ती परवडत नाही. मग माझ्या डोक्यात साधी गोष्ट आली: गिरणीतून जाणारं खायचंच नाही. तांदूळ-डाळ भिजवून घरच्या मिक्सरमध्ये वाटली की इडली, घावन, धिरडं सगळं होतं, गिरणी मधे येतच नाही. ज्वारीही रात्रभर भिजवून उडदाच्या डाळीबरोबर वाटता येते, धिरडी झकास होतात. भरडून ज्वारीच्या कण्या शिजवा, वर ताक. मात्र धान्य हाताने निवडायचं आणि धुवायचं. मळणी यंत्र एकच असतं, ते आज ज्वारीच्या खळ्यावर आणि उद्या गव्हाच्या, त्यामुळे पाच दाणे सहज येतात.

आणि भाचीला हवं होतं ते दुधात टाकून खायचं कुरकुरीत काहीतरी, कारण शाळेतल्या मैत्रिणी तेच खातात. त्याचं उत्तर नागपंचमीला आपल्या घरात असतंच: ज्वारीच्या लाह्या. ज्वारी थोडी ओलवून कापडात बांधून ठेवायची, मग तापलेल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून फुलवायची. दूध, थोडा गूळ, केळं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तर खास लाह्यांसाठी ज्वारीचा वाण काढलाय, नावच "फुले पंचमी". (नाव ठेवणाऱ्याला माझ्याकडून चहा.) साधी ज्वारी कमी फुलते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडे हा वाण मिळतो का विचारा.

किराणा दुकानात माझा आवडता कप्पा म्हणजे उपवासाचा. राजगिऱ्याच्या लाह्या, भगर, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ. उपवासाला गहू चालत नाही, त्यामुळे आपल्या आज्यांनी नकळत ग्लुटेन-फ्री मेनू आधीच लिहून ठेवलाय. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात अप्रतिम लागतात. साबुदाणा मात्र रोज नको, त्यात जवळपास नुसता स्टार्च असतो आणि या मुलांना लोह, प्रथिनं जास्त लागतात. पिठं सुट्टी घेऊ नका, उपवासाचं असलं तरी ते कुठल्या चक्कीतून आलं ते कळत नाही. अकोल्याकडे असाल तर तुमची मजा आहे, तांदूळ, नाचणी, वरई सगळं दारातच.

पोहे? चालतात, तांदूळच तो. पण फोडणीतला हिंग बघा. डबीतला बांधणी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं. तांदळाच्या पिठाचा हिंग शोधा, नाहीतर हिंग वगळा. वरची शेवही पाकीट वाचूनच. रव्याचा उपमा, शेवया, लापशी, टोस्ट, खारी हे सगळं गव्हाचं. भाजणीचं थालीपीठ, भाजणीत गहू नसेल आणि ती घरीच दळली असेल तरच.

ओट्सबद्दल सगळेच विचारतात. ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाही, पण शेतात आणि कारखान्यात ते गव्हाबरोबर फिरतात. काही मुलांना ओट्सच्या स्वतःच्या प्रथिनाचाही त्रास होतो. "ग्लुटेन-फ्री" लिहिलेले ओट्स, आणि तेही डॉक्टरांना विचारून. महागही आहेत. लाह्या असताना मला त्यांची गरज दिसत नाही.

पथ्य नीट चाललंय की नाही हे अंदाजानं ठरवू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा टीटीजी पुन्हा करून घ्या. आकडा उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि घरात पहिली चौकशी पिठाची, दुसरी हिंगाची.

एक विनंती. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर किंवा नगर शहरात फक्त ज्वारी-बाजरी-तांदूळ दळणारी, गहू अजिबात न घेणारी गिरणी तुम्हाला माहीत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. मालकांची हरकत नसेल तर पुढच्या भागात पत्ता सांगू.