कवलापूरचे हवालदार आणि टीव्हीवरची हास्यजत्रा

सातारा-सांगलीकडच्या घरात टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम गप्प बसून कुणी बघत नाही. जेवणाची ताटं समोर असतात आणि स्किट संपायच्या आत निकाल लागलेला असतो. "आज लय ताणलं राव", "ही बाई एकटी अख्खं स्किट ओढती बघ", "शेवट गुंडाळला की वो". दुसऱ्या दिवशी तेच स्किट मोबाइलवर पुन्हा फिरतं आणि एसटीच्या बाकावर त्याची उरलेली चिरफाड होते. मी स्वतः या कार्यक्रमांचा जुना चाहता आहे, आणि समीक्षकांच्या लेखांपेक्षा जाता जाता दिलेल्या या शेऱ्यांवर माझा जास्त विश्वास आहे. कारण या प्रेक्षकाचा कान तमाशानं घडवला आहे.

सांगलीजवळचं कवलापूर हे विनोदाचं गाव. शिवा-संभा कवलापूरकरांचा तमाशाचा फड तिथला, आणि काळू-बाळूही तिथलेच. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात दोघं हवालदार व्हायचे आणि यात्रेतलं मैदान हसून लोळायचं. दोघांचा चेहरा एकच, पण एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचं उत्तर कधी येणार, किती उशिरा येणार, यात सगळी गंमत होती. काळू २०११ साली गेले, बाळू २०१४ साली. त्याच २०१४ च्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, हा निव्वळ योगायोग. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या मनात तो राहतो.

‘हवा’चं थुकरटवाडी हे काल्पनिक गाव आमच्याकडं लगेच आपलंसं झालं. नीलेश साबळेंचं सूत्रसंचालन, भारत गणेशपुरेंचा वऱ्हाडी सरपंच, श्रेया बुगडे आणि कुशल बद्रिके यांची जुगलबंदी, आणि सगळ्यांत वर भाऊ कदम. भाऊ काही न बोलता नुसते उभे राहिले तरी घर हसायचं. अरविंद जगताप यांची पत्रं सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचे तेव्हा तेच घर शांत व्हायचं. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणण्याची ही रीत वगाला जुनीच आहे, म्हणून ती इथं परकी वाटली नाही. मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम थांबला, आणि जुलै २०२५ मध्ये ‘कॉमेडीचं गँगवॉर’ म्हणून परत आला. सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकर, सोबतीला गौरव मोरे आणि प्रियदर्शन जाधव, शिवाय राज्यभरातून निवडलेले नवे स्पर्धक. नव्या मुलांना मंच मिळाला याचा आनंद आहे. पण स्पर्धा आली की प्रत्येकाला तीन मिनिटांत सिद्ध व्हायचं असतं, आणि त्या घाईत गाव हरवतं. थुकरटवाडीला निवांतपणा होता. गँगवॉरमध्ये मला तोच सापडत नाही.

सोनी मराठीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून चालू आहे, आणि माझ्या मते सध्याचा सगळ्यांत कसदार विनोद तिथं आहे. श्रेय सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या जोडीचं. इथं स्किट लिहिलेलं असतं, नुसतं जमवलेलं नसतं. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार समोरासमोर आले की मला काळू-बाळू आठवायचे. दोघांची शरीरयष्टी, आवाज, स्वभाव सगळं वेगळं, पण थांबा घेण्याचं भान तेच. विशाखा २०२२ साली बाहेर पडल्या. ती जागा भरली नाही, मात्र आजूबाजूला इतर फुलले: नम्रता संभेराव, वनिता खरात, प्रसाद खांडेकर, पृथ्वीक प्रताप. नम्रताची लॉली आली की आमच्याकडं आवाज वाढवला जातो.

या कार्यक्रमात आपल्या भागाची माणसंही आहेत. परीक्षकाच्या खुर्चीत सांगलीची सई ताम्हणकर, मंचावर साताऱ्याचा रोहित माने. रोहितच्या तोंडी आमच्याकडची बोली येते तेव्हा ती सोंग वाटत नाही, कारण वाक्याचा हेल आतून येतो. एरवी मालिकांत आणि स्किटांत गावाकडचा माणूस म्हणजे गळ्यात गमछा आणि दर वाक्याला ‘लय भारी’ एवढंच असतं. कराडचं बोलणं वेगळं, जतचं वेगळं, माणदेशाचं आणखी वेगळं. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक ज्या मातीतून आला, त्या मातीच्या बोलीला एकाच साच्यात कोंबणं मला सहन होत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार परीक्षकांच्या हसण्याची. प्रत्येक पंचानंतर कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर जातो आणि समोरच्या नटाचा पुढचा क्षण वाया जातो. तमाशाच्या तंबूत अशी मदत कुणी करत नव्हतं. हसू आलं तर आलं, नाही तर मागच्या रांगेतून शिट्टी.

आणि तिसरी, सर्वांत मोठी: पुरुषानं साडी नेसली की झालं स्किट, हा समज. तमाशाच्या गौळणीतली मावशीसुद्धा पुरुषच करायचा, पण ती हसवायची ती जिभेनं. कृष्णाशी आणि त्याचा सवंगडी पेंद्याशी ती वाद घालायची, चालू काळावर बोलायची, गावच्या पुढाऱ्यालाही सोडायची नाही. टीव्हीवरच्या कितीतरी साडीवाल्या पात्रांना बोलायला काहीच दिलेलं नसतं. जाडेपणावरचे आणि रंगावरचे विनोदही अजून संपलेले नाहीत. घरातली पोरं त्या क्षणी मोबाइलकडं वळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. हास्यजत्रेनं वनिता खरातला तिच्या वजनापलीकडच्या भूमिका दिल्या तेव्हा तीच पोरं टीव्हीला चिकटून बसली.

वाहिन्यांना एवढंच सांगायचं आहे: लेखक शोधायला मुंबई-पुण्याच्या एकांकिका स्पर्धांपलीकडं या. रेठरे हरणाक्षला शाहीर पठ्ठे बापूराव जन्मले, वाटेगावला अण्णा भाऊ साठे. ही गावं वाळवा तालुक्यात आहेत, रस्ता चांगला आहे. आणि वाचकहो, यंदा तुमच्या गावच्या यात्रेत फड आला, तर त्या रात्री टीव्ही बंद ठेवा, तिकीट काढा आणि बतावणी संपेपर्यंत उठू नका.