४० मायक्रॉनची पुंजी

दसरा जवळ आला की पुण्यातल्या गॅरेजांमध्ये रबिंग-पॉलिशच्या मशीनचा आवाज सकाळपासून सुरू होतो. पूजेच्या दिवशी गाडीच्या बॉनेटमध्ये झेंडूचा हार दिसला पाहिजे, ही घरोघरची हौस. त्या हौसेमागचं काम कसं चालतं ते पाहून ये, असं संपादकांनी सांगितलं आणि मी बाणेरमधल्या एका कार डिटेलिंगच्या दुकानात जाऊन बसले. गाड्या चकचकीत होताना पाहण्यात मजा होतीच. पण मला खिळवून ठेवलं ते एका आकड्याने, एका मशीनने आणि ते मशीन चालवणाऱ्या एका वयस्कर कारागिराने.

आधी आकडा. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यातून येणाऱ्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो. गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून, विजेचा प्रवाह सोडून तो बसवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी, पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. डोळ्यांना दिसणारी चकाकी याच थराची असते. उन्हातले अतिनील किरण अडवणारी रसायनंही यातच मिसळलेली असतात.

पॉलिश करणं म्हणजे या थराचा वरचा अंश घासून काढणं. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला, की तो दिसेनासा होतो. हलक्या हाताने केलेल्या पॉलिशमध्ये दोन-चार मायक्रॉन जातात, जाड कंपाऊंडने त्याहून जास्त. गेलेलं परत येत नाही. गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगावर जी ४०-एक मायक्रॉनची पुंजी असते, तेवढ्यावरच तिने जन्म काढायचा असतो.

या धंद्याचा इतिहास रंगाच्या इतिहासाला बांधलेला आहे. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचंच व्हार्निश लावत आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. १९२४च्या ओकलंड मोटारींवर तो पहिल्यांदा गाजला. आपल्याकडचे फर्निचरवाले आजही ड्युको म्हणतात तो हाच. तो झटपट वाळायचा, पण फवारल्यावर मंद दिसायचा आणि घासूनच चमकायचा. त्यामुळे कंपाऊंड आणि पॉलिश विकणाऱ्यांची भरभराट झाली. १९८०च्या दशकात रंगावर वेगळा क्लिअर कोट देण्याची पद्धत जगभर पसरली आणि घासण्याचं गणितच बदललं.

ते कसं बदललं, हे मला वस्तादांनी सांगितलं. दुकानातली सगळी मुलं त्यांना वस्ताद म्हणतात. ते नाना पेठेतल्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकले. लांबी (पुट्टी) भरणं, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणं, शेड मिळवणं आणि शेवटी रबिंग, अशा क्रमाने हात तयार झाला. “ताई, पद्मिनी घासायचो तेव्हा फडक्याला रंग लागायचा,” ते म्हणाले. “निळी गाडी असली की फडकं निळं. किती निघालं ते डोळ्यांना दिसायचं. आता गाडी निळी असो नाहीतर लाल, फडकं पांढरंच. किती गेलं ते कळत नाही.”

मला या कामाबद्दल जे कळलं, त्याचं सार वस्तादांच्या या बोलण्यात आहे. पद्मिनी आणि अँबेसेडर या गाड्यांच्या काळात रंग आणि चकाकी एकाच थरात असत, त्यामुळे झीज रंगाने दिसायची. आता झिजतो तो बिनरंगी थर. वर्षानुवर्षं घासत राहिलं तरी गाडी दर वेळी नव्यासारखीच दिसते आणि मग एखाद्या उन्हाळ्यात छतावर पांढुरके चट्टे उमटतात, पापुद्रे सुटू लागतात. त्यावर पॉलिश चालत नाही. पॅनल नव्याने रंगवावं लागतं.

म्हणून वस्ताद मशीन उचलण्याआधी बराच वेळ दुसऱ्याच कामांत घालवतात. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतात, मग शाम्पू. दोन बादल्या असतात, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक फेरीनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत जातो, म्हणजे निघालेली माती पुन्हा गाडीवर येत नाही. धुणं छतापासून खाली, कारण सगळ्यात जास्त खडा दरवाज्यांच्या खालच्या भागात असतो. मग ते हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवतात. नुसत्या हाताला न जाणवणारे कण पिशवीतून स्पष्ट लागतात. ब्रेकची किंवा रेल्वेमार्गाजवळची लोखंडी धूळ रंगात रुतून बसलेली असते. तिच्यावर रसायन फवारलं की जांभळे ओघळ येतात. उरलेले कण मातीच्या गोळ्यासारख्या मऊ क्लेने, भरपूर ओलाव्यावर, दाब न देता उचलतात.

मग टॉर्च. काळ्या बॉनेटवर उजेड टाकला की उजेडाभोवती गोल गोल रेषांचं जाळं दिसतं आणि गाडी कुणीतरी गोल हात फिरवून पुसली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना असतात. उजेडाच्या ठिपक्याभोवती जे आडवे येतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात. टॉर्च हलवला की वर्तुळंही त्याच्याबरोबर हलतात. एखादा चरा वेगळा, खोल दिसला तर वस्ताद त्यावरून नख फिरवतात. नख अडकलं की तो सोडून द्यायचा. तो काढायला जेवढा थर द्यावा लागेल, तेवढा द्यायची त्यांची तयारी नसते.

आता मशीनबद्दल. जुन्या पद्धतीचं रोटरी मशीन सरळ फिरतं. मोटर फिरेल तसा पॅड फिरतो. १५० मिलिमीटरचा पॅड मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर होतो आणि मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे सगळं घासणं कडेला एकवटतं. मशीन जरा कललं, एका जागी क्षणभर रेंगाळलं, की तिथला रंग तापून जळतो. अनाडी हाताची रोटरी उन्हात लांब, लाटांसारख्या सावल्या सोडून जाते. त्यांना या धंद्यात होलोग्राम म्हणतात. काही ठिकाणी तर लोखंड कापायच्या ४ इंची ग्राइंडरला लोकरी बफ लावतात. हा ग्राइंडर मिनिटाला ११,०००च्या आसपास फिरतो आणि कारच्या रंगावर त्याचं काहीही काम नाही.

वस्तादांच्या हातात असते ती ड्युअल अॅक्शन. हिच्यात पॅडचं केंद्र मोटरच्या दांड्यापासून थोडं बाजूला बसवलेलं असतं, त्यामुळे अख्खा पॅड लहानशा वर्तुळात डोलतो. नेहमीच्या मशीनमध्ये या वर्तुळाचा व्यास १५ मिलिमीटर असतो. इटलीच्या रुपेस कंपनीने २१ मिलिमीटरचं मशीन आणल्यावर मोठी वर्तुळंही रूढ झाली. डोलणं मोटरच्या हुकमाने होतं, पण पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळं सोडलेलं असतं. तो बेअरिंगवर आपसूक फिरतो. डोलण्यामुळे पॅडच्या मध्यावरच्या आणि कडेच्या बिंदूलाही सारखीच हालचाल मिळते. मिनिटाला ४२०० डोल धरले तर सेकंदाला ३ मीटरच्या थोडं वर. घासणं सगळीकडे वाटलं जातं.

तिचा खरा गुण मात्र तिच्या हट्टीपणात आहे. जोर लावून दाबली, वाकडी धरली किंवा दरवाज्याच्या कडेवर चढवली की पॅडचं फिरणं थांबतं. नुसतं डोलणं उरतं आणि कापणं जवळजवळ बंद होतं. नवशिक्याला याचा राग येतो, त्याला वाटतं मशीनमध्ये ताकद नाही. वस्तादांनी पॅडमागच्या चकतीवर मार्करने काळी रेघ मारली आहे. रेघ फिरताना दिसली तर सगळं ठीक, थांबलेली दिसली तर चूक चालवणाऱ्याची. चालवणाऱ्याने जोर केला की स्वतः माघार घेणारं यंत्र मला फार शहाणं वाटलं. ज्याने कुणी ते मोकळं बेअरिंग योजलं, त्याने लाखो गाड्यांचे रंग वाचवले आहेत.

पहिला हात अख्ख्या गाडीवर कधीच पडत नाही. सावलीत, थंड पॅनलवर, दीड-दोन फुटांचा चौकोन आखून वस्ताद सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश लावून पाहतात. कडांवर मास्किंग टेप असतो, कारण ओला रंग भट्टीत वाळताना कडांवरून ओसरतो आणि तिथे थर मुळातच पातळ असतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर फडक्याने पुसून वर अल्कोहोलचा हात मारतात. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि खोटी सफाई दाखवतं, ते त्याने निघून जातं. सौम्य उपायाने भागलं तर तोच सगळ्या गाडीला, नाहीतर एक पायरी वर. दहातले आठ चरे गेले की ते थांबतात.

मेण त्यानंतर, आणि मेण मात्र खरोखर वर चढतं. उत्तम मेण कार्नोबाचं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून ते झाडून काढतात. ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून इतर मेणांत मिसळून वापरतात. चाळीस मायक्रॉनपुढे त्याचा थर नगण्य असतो. जास्त लावून जास्त फायदा होत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. पातळ लावायचं, धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने उचलायचं, काळ्या प्लास्टिकला लागू द्यायचं नाही. काही आठवड्यांत ते उतरतं, पुन्हा लावावं लागतं. पण ते झिजतं तेव्हा खालचा क्लिअर कोट शाबूत असतो, म्हणून मेणाला मी या सगळ्या कामातला सगळ्यात निरुपद्रवी भाग मानते.

एवढी काळजी घेणारे हात असूनही मी तिथून चिंता घेऊनच निघाले. पहिली अडचण मोजमापाची. रंगाची जाडी मोजणारा गेज पोलादी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वावर आणि अॅल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहावर चालतो, पण तो सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो. ११० आकडा आला तर त्यात क्लिअर कोट ४५ आहे की २५, ते तो सांगू शकत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. २०० किंवा ३०० रीडिंग आलं की पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे एवढं कळतं. आतमध्ये रंग किती आणि लांबी किती, हे नाही. म्हणजे इतकी नाजूक पुंजी शेवटी कारागिराच्या अंदाजावर खर्च होते.

दुसरी अडचण रोजची. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचा, म्हणजे क्वार्ट्झचा अंश असतो आणि क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. पहाटे सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एक बादली आणि एक फडकं घेऊन गाडीमागून गाडी पुसत जातो. वस्तादांनी जपून काढलेले चरे पंधरवड्यात परत येतात. यात त्या माणसाला दोष देणं मला पटत नाही. त्याला पाणी मोजून मिळतं, पैसे तुटपुंजे मिळतात आणि मालकाला रोज सकाळी गाडी पुसलेली हवी असते. आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुणं हे सात दिवसांच्या कोरड्या पुसण्यापेक्षा रंगाला चांगलं, पण तसं त्याला सांगणारे मालक विरळा. धुण्यासाठी बोअरचं जड पाणी असेल तर आणखी एक संकट. ते उन्हात वाळलं की क्षारांचे गोल डाग रंगात बसतात आणि ते काढायला पुन्हा पॉलिश.

तिसरी अडचण विक्रीची. सर्व्हिसिंगबरोबर दर वर्षी रबिंग-पॉलिश गळ्यात मारलं जातं, गाडीला गरज असो वा नसो. सिरॅमिक कोटिंग ९एच कठीण असल्याचं सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला ते जवळजवळ हिऱ्याच्या पंगतीचं वाटतं. तो ९एच पेन्सिलीच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या मोह्‌स मापनातला नव्हे. चांगलं कोटिंग पाणी झटकतं, घाण चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं. वाळूचा चरा ते रोखत नाही. शिवाय ते लावण्याआधी रंग घासावाच लागतो, म्हणजे पुंजीतून रक्कम वजा होतेच.

आणि चौथी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मशीनच्या कंपनाने वस्तादांच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या येतात. वाळलेल्या पॉलिशची भुकटी आणि सॉल्व्हंटचा वास दिवसभर श्वासात जातो. मुलांना मास्क दिलेले आहेत, पण गर्मीत ते गळ्यात लोंबत असतात. ज्या कामात सगळी अक्कल रंग वाचवण्यात खर्च होते, त्यात माणूस वाचवण्याची शिस्तही तेवढीच कडक हवी. ती लावणं मालकाचं काम आहे. तशी दुकानं निवडणं गिऱ्हाइकाला जमू शकतं.

यातल्या पहिल्या अडचणीवर एक उपाय आज करता येण्याजोगा आहे. इंजिन ऑइल कधी बदललं ते सर्व्हिस बुकात लिहिलं जातं. रंगाचं रीडिंग मात्र कुठेच लिहिलं जात नाही. गाडी नवी असताना प्रत्येक पॅनलचे आकडे टिपून ठेवले आणि दर पॉलिशच्या आधी-नंतर नवे आकडे त्यांच्याखाली लिहिले, तर क्लिअर कोट वेगळा मोजता आला नाही तरी कारखान्याच्या आकड्यातून आजवर किती वजा झालं ते उघड दिसेल. पद्मिनीच्या काळात फडकं जे दाखवायचं, ते आता हा कागद दाखवेल. म्हणून गाडी रबिंगला देताना दर विचारण्याआधी गेज आहे का ते विचारा, आधी एक चौकोन करून दाखवायला सांगा आणि काम झाल्यावर आकडे लिहून मागा. जो कारागीर हे आनंदाने करेल, त्याच्या हातात गाडी द्या. जो तुमची गाडी पाहून यंदा पॉलिशची गरज नाही, नुसतं धुऊन मेण लावू म्हणेल, त्याचा नंबर जपून ठेवा.