चंद्रभागेची होडी आणि सरकारचा कायदा

चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाची पूजा महादेव कोळ्यांकडे आहे, आणि त्याच पात्रात होडी चालवणारेही कोळीच. पूर चढला की पुंडलिकाचं देऊळ पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की गाळ उपसून पूजा पुन्हा सुरू होते. देवाशी आणि नदीशी असं दुहेरी नातं सांगणारा समाज पंढरपुरात दुसरा नाही. तरीही राज्यकर्त्यांनी त्यांच्या होडीकडे पाहिलं ते कधी वसुलीचं साधन म्हणून, तर कधी धोका म्हणून.

आधी होडी पाहू. लाकडी, उथळ, तळाला रुंद. महाद्वार घाटाखाली ती काठाला लागते तेव्हा नावाडी आधी माणसं जोखतो. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या मधे. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई बसलेलीच हवी, उभी नको. वीणा, पखवाज, गाठोडी तळाशी. होडीचा काठ पाण्याच्या किती वर उरलाय हे तो डोळ्यानेच मोजतो, आणि पुरेसा उरला नाही की चढलेल्यालाही खाली उतरवतो. पाण्याला ओढ असेल तर समोरच्या काठाकडे सरळ वल्हवत नाहीत. आधी काठाकाठाने होडी प्रवाहाच्या वर न्यायची, मग तिरकी सोडायची, म्हणजे पाणीच तिला हव्या त्या जागी आणून लावतं. हे शिक्षण बापाच्या शेजारी बसून मिळतं.

कायदा आला १८६८ साली. मुंबई इलाख्यात त्या वर्षी तरींविषयीचा, म्हणजे नदी उतरवणाऱ्या होड्यांविषयीचा, कायदा झाला, आणि सार्वजनिक ठरवलेल्या तरींचा कारभार सरकारच्या हाती गेला. उताराचे दर सरकार ठरवणार, तरीचा मक्ता सरकार देणार, नियम मोडला तर दंड. पिढ्यानपिढ्या नदी उतरवून देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मक्तेदार बसला. इंग्रजांची अडचण मला समजते. यात्रेत होडी बुडाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न खराच होता. पण जीव वाचवण्याचा नियम आणि पैसा गोळा करण्याचा नियम एकाच कायद्यात घातला की वसुली चोख होते आणि जिवाची काळजी मागे पडते.

यात्रेकडे पाहण्याची सरकारी नजरही त्याच सुमारास बदलली होती. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीच्या फैलावाचा ठपका हिंदुस्थानातल्या यात्रांवर ठेवला गेला. तेव्हापासून वारकऱ्यांची गर्दी म्हणजे रोगाची वाट, असा संशय कागदोपत्री रुजला.

पंढरपूर आणि इंग्रजांचा पोलिसी हात यांचा संबंध त्याहून जुना आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात इंग्रजांशी लढलेले महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे १८४८ च्या जानेवारीत पकडले गेले ते इथेच, पंढरपुरात, लेफ्टनंट गेलच्या हाती. त्याच वर्षी २ मे रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. डोंगरातलं बंड आणि नदीवरची होडी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नयेत. पण सगळा मुलूख ज्या गावी येतो तिथे सरकारचा डोळाही असतो, हे त्या अटकेवरून कळतं.

हा झगडा एकट्या चंद्रभागेचा नाही. मद्रासला बंदराचा धक्का नव्हता तोवर जहाजांतला माल आणि साहेब दोन्ही किनाऱ्यावर यायचे ते मसुला होड्यांतून. खिळ्याऐवजी काथ्याने शिवलेल्या या होड्या लाटेत लवचीक राहत. त्यांच्या नावाड्यांवाचून ईस्ट इंडिया कंपनीचं पान हलत नसे, आणि त्यांनाच चोर ठरवून परवाने आणि शिक्षा लादण्यातही कंपनी मागे राहिली नाही. खुद्द लंडनमध्येही थेम्स नदीवर १७९८ साली पोलीस नेमले, तर काही महिन्यांतच कोळशाच्या हमालांनी त्यांच्या कचेरीवर हल्ला केला.

इंग्रज गेले. १९८० साली याच नदीवर, भीमेवर, उजनी धरण पुरं झालं आणि नदीचा स्वभावच पालटला. आता पाणी आभाळापेक्षा उजनीच्या दरवाजांवर जास्त अवलंबून. त्यात वाळूउपशाने पात्रात खड्डे पडले. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात स्नानाला उतरलेला वारकरी पुढच्या पावलाला बुडतो. भीमेत वाळूचोरांच्या बोटी महसूल आणि पोलिसांची पथकं जिलेटिनने उडवतात, आणि ते योग्यच आहे. पण वाळूची बोट वेगळी, उतारूंची होडी वेगळी. हा फरक बंदोबस्ताच्या घाईत पुसला जाऊ नये.

नियम नकोतच असं कोणी म्हणू नये. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. जीवरक्षक जॅकेट, उतारूंची मर्यादा, वारा सुटला की बंदी, हे सगळं कडकच हवं. माझं म्हणणं एवढंच की हे नियम घाटावरच्या माणसाला विचारून व्हावेत. खड्डा कुठे पडलाय, ओढ कुठे बदलली, कोणत्या घाटाखाली गाळ साचलाय, हे वल्हं मारणाऱ्याला रोज कळतं. पूर आला, माणूस बुडाला की पहिली हाक त्यालाच जाते.

म्हणून सोलापूरच्या जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. आषाढी-कार्तिकीच्या नियोजनाच्या बैठकीत होडीवाल्या कोळ्यांचे प्रतिनिधी दरवर्षी लेखी निमंत्रणाने बोलवावेत. नावाडी आणि होडी दोघांचा विमा उतरवावा. यात्रेच्या दिवसांत जीव वाचवण्याच्या कामाला जुंपलेल्या प्रत्येक नावाड्याला त्या दिवसांचा मेहनताना मिळावा, आणि तो यात्रा संपायच्या आत मिळावा.