नगरनियोजनविषयक संशोधनपत्रिकेकडे शोधनिबंध सादर करताना

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वा लोकप्रशासन शिकविणारे अध्यापक आपल्या शहराविषयी जे जाणतात, ते बहुधा कोणत्याही नगररचना कार्यालयाच्या दप्तरी नोंदलेले नसते. आठवडे बाजार मुख्य रस्त्यावरून हलविल्यानंतर प्रत्यक्षात कोठे जाऊन बसला, नळाचे पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता येते, विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित असलेल्या जागेवर वीस वर्षांत काय उभे राहिले, ही माहिती लघुसंशोधन प्रकल्पांच्या अहवालांतून साठत राहते आणि बहुतेक वेळा ग्रंथालयाच्या कपाटातच राहते. नगरनियोजनाच्या प्रतिष्ठित संशोधनपत्रिकांत मात्र लहान व मध्यम शहरांविषयीचे असे लेखन क्वचितच आढळते.

याचे कारण विचारले असता 'इंग्रजी आड येते' असे उत्तर सामान्यपणे मिळते. ते अंशतः खरे आहे. परंतु भाषा संपादनात सुधारता येते. निबंधाची मांडणीच मुळात चुकलेली असेल तर ती सुधारण्याची संधी मिळत नाही. प्रस्तुत लेखकाने तालुक्याच्या एका गावातील बाजारपेठेवरील निबंध काही वर्षांपूर्वी एका परदेशी पत्रिकेकडे पाठविला होता. तो परीक्षकांपर्यंत न जाता आठच दिवसांत परत आला. गावाचे वर्णन चांगले आहे, परंतु प्रश्न कोणता, हे कळत नाही, असा संपादकांच्या पत्राचा आशय होता. त्या वेळी राग आला. पुढे निबंध पुन्हा वाचला, तेव्हा संपादकांचे म्हणणे पटले.

पत्रिकेची निवड

नगरनियोजनाच्या सर्व पत्रिका एकाच प्रकारच्या नाहीत. लिव्हरपूल येथे १९१० मध्ये सुरू झालेल्या 'टाउन प्लॅनिंग रिव्ह्यू' या पत्रिकेस नियोजनशास्त्राच्या इतिहासाची व धोरणविचाराची दीर्घ परंपरा आहे. अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनच्या पत्रिकेत निबंधाचा गोषवारा दोन भागांत द्यावा लागतो : पहिल्या भागात समस्या, संशोधनाची पद्धती व निष्कर्ष; दुसऱ्या भागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या नियोजनकाराने त्यातून काय घ्यावे, याचे विवेचन. हा दुसरा भाग लिहिता येत नसेल, तर निबंध त्या पत्रिकेसाठी नाही, असे खुशाल समजावे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण व विकास संस्थेने १९८९ पासून चालविलेली 'एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन' ही पत्रिका विकसनशील देशांतील लेखकांना आवर्जून स्थान देते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय नगर कार्य संस्थेशी संलग्न असलेली तिची आशियाई भगिनी २०१० पासून प्रसिद्ध होत आहे. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्येही नागरी प्रश्नांवरील लेखनास स्वतंत्र पुरवणीची परंपरा आहे. निबंध लिहून झाल्यावर पत्रिका शोधण्याऐवजी पत्रिकेचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक आधी चाळावेत. तेथे चाललेल्या चर्चेत आपणास काही भर घालावयाची आहे काय, हे त्यातूनच समजते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी संशोधनाचे गुणांकन आणले, आणि शुल्क घेऊन काही दिवसांत निबंध छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ पत्रिका एकदम वगळल्या. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर व पर्यायाने अध्यापकांवर येऊन पडली आहे. 'यादीत आहे' एवढे उत्तर पूर्वी पुरत असे. आता ते पुरणार नाही. नामांकित पत्रिकेचे नाव व क्रमांक उचलून बनावट संकेतस्थळे उभारली जातात, त्यामुळे निबंध पाठविण्याचा पत्ता मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. शुल्क मागितले जाते एवढ्यावरून मात्र कोणत्याही पत्रिकेस बनावट ठरवू नये. मुक्त प्रवेशाच्या अनेक चांगल्या पत्रिका शुल्क घेतात. शुल्क भरताच स्वीकृतीचे पत्र येत असेल, तर तेथे परीक्षण झालेले नाही, हे उघड आहे. ज्या अध्यापकाकडे शहराची दहा वर्षांची टिपणे आहेत, त्याने ती अशा ठिकाणी छापल्यास ती त्या विषयाच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि तीच सामग्री पुन्हा दुसरीकडे देताही येत नाही.

वर्णनाकडून प्रश्नाकडे

अहवाल आणि शोधनिबंध यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. छत्रपती संभाजीनगर, सांगली यांसारख्या शहरांच्या कडेला गुंठेवारीच्या वसाहती आहेत. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून, मंजूर अभिन्यास नसताना विकलेले हे भूखंड होत. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. २००१ च्या महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांच्या नियमितीकरणाची तरतूद केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. अशा वसाहतीतील घरे, रस्त्यांची रुंदी, नळजोडण्या यांची सारणी देणारे लेखन हा अहवाल होय. नियमितीकरणाची मुदत पुढे सरकते, हे माहीत असलेला खरेदीदार नियमाकडे कसा पाहतो, असे विचारले की त्याच सारणीतून शोधनिबंध उभा राहतो. कारण हा प्रश्न दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींना आणि ब्राझीलमधील बेकायदा भूखंड-विभागणीलाही लागू आहे.

याच ठिकाणी परिभाषेचा प्रश्न येतो. 'गुंठेवारी'साठी इंग्रजीत 'स्लम' हा शब्द वापरल्यास परीक्षक लगेच दुसऱ्याच मार्गाने जातो. झोपडपट्टीचा वाद बहुधा जमिनीवरील हक्काचा असतो. गुंठेवारीतील रहिवाशाने जमीन पैसे मोजून घेतलेली असते, वाद असतो तो विभागणीच्या परवानगीचा. म्हणून मूळ मराठी शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात दोन वाक्यांत त्याचा अर्थ सांगावा. गावठाण, वाडा, चाळ या शब्दांच्या बाबतीतही हेच करणे इष्ट. उलटपक्षी, चटई क्षेत्र निर्देशांक किंवा विकास हक्क हस्तांतरण यांना जगभर रूढ असलेल्या संज्ञा आहेत. तेथे स्वतःचा अनुवाद करू नये.

आकडेवारी आणि नकाशे

आकडेवारीच्या संदर्भात परीक्षकांची एक हरकत जवळजवळ ठरलेली असते : २०११ ची लोकसंख्या का वापरली? २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी अधिसूचित झाली आहे, हे परदेशी वाचकास ठाऊक नसते. ते निबंधातच सांगावे आणि मधल्या काळासाठी मतदारयादी, मालमत्ताकर आकारणीची नोंद किंवा उपग्रहचित्र यांपैकी कशाचा आधार घेतला, तेही सांगावे. जनगणना-शहरांचा उल्लेख असल्यास त्यांचे निकष द्यावेत : किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायांत, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता. देशातील अशा शहरांची संख्या २००१ मधील १,३६२ वरून २०११ मध्ये ३,८९४ झाली. एवढी मोठी वाढ प्रत्यक्ष शहरीकरणाची किती आणि वर्गीकरणाची किती, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

नकाशांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. विकास आराखड्याच्या पत्रकाची छायाप्रत निबंधास जोडणे योग्य नव्हे; छपाईत ती वाचता येत नाही आणि तिच्या वापरास परवानगीही लागू शकते. आवश्यक तेवढाच भाग नव्याने काढावा. त्यावर प्रमाण रेषेनेच दाखवावे. १ : ५,००० असे लिहिलेला नकाशा पानावर निम्म्या आकारात छापला की प्रमाण १ : १०,००० होते आणि लिहिलेला आकडा खोटा ठरतो, रेषा मात्र नकाशाबरोबरच लहान होते. भूगोलाच्या अध्यापकांस हे सांगणे म्हणजे काशीस जाऊन गंगेचे वर्णन करणे, तरीही ही चूक त्यांच्याच निबंधांतून वारंवार दिसते, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

याहून गंभीर बाब वेगळी आहे. अनधिकृत बांधकामांचा घरनिहाय नकाशा संशोधनाच्या दृष्टीने कितीही मोलाचा असला, तरी तो छापल्यावर कोणाच्याही हाती पडू शकतो. ज्यांनी विश्वासाने आपणास दार उघडले आणि कागदपत्रे दाखविली, त्यांच्या घरावर त्यातून कारवाई ओढवू शकते. म्हणून घरांऐवजी गट दाखवावेत, गल्लीचे नाव वगळावे, आणि असे का केले हे निबंधात एका वाक्यात लिहावे. समंजस परीक्षक याला त्रुटी मानत नाहीत.

प्रत्यक्ष सादरीकरण

बहुतेक पत्रिकांत परीक्षक व लेखक एकमेकांस अज्ञात असतात. त्यामुळे नाव, पत्ता व ऋणनिर्देश स्वतंत्र पृष्ठावर द्यावे लागतात. नाव काढूनही ओळख उरते, ती अशी : 'प्रस्तुत संशोधक ज्या नगरपरिषदेच्या सल्लागार समितीवर होता' अशी वाक्ये, स्वतःच्या पूर्वीच्या लेखनाचे 'आम्ही दाखविल्याप्रमाणे' असे उल्लेख, आणि संगणकीय फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले नाव. एकच निबंध एका वेळी दोन पत्रिकांकडे पाठविणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. सोबतच्या पत्रात निबंधाचा प्रश्न, निष्कर्ष आणि याच पत्रिकेकडे तो का पाठविला, एवढेच असावे. पदव्यांची यादी नको.

परीक्षकांचे अभिप्राय

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्याचे फेब्रुवारी २०१५ चे प्रारूप लोकांच्या तीव्र हरकतींनंतर मागे घ्यावे लागले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. नगरनियोजनावर लिहिणाऱ्यास म्हणून तज्ज्ञपरीक्षणाचे नवल वाटू नये. 'मोठ्या सुधारणा आवश्यक' असा निर्णय म्हणजे नकार नव्हे, हे आपल्याकडील अनेकांस ठाऊक नसते, आणि तेथेच निबंध सोडून दिले जातात.

उत्तर देताना प्रत्येक हरकत क्रमाने उतरवून घ्यावी आणि तिच्याखाली काय बदलले व कोणत्या पृष्ठावर, हे लिहावे. सर्वच हरकती मान्य करण्याची आवश्यकता नाही. परीक्षकाने गुंठेवारीस झोपडपट्टी समजून काही मागितले असेल, तर ते का लागू होत नाही हे पुराव्यासह सांगता येते. मात्र तसा गैरसमज होण्यास आपलेच कोणते वाक्य कारणीभूत झाले, तेही शोधून दुरुस्त करावे. दोन परीक्षकांची मते परस्परविरोधी असल्यास संपादकांस तसे कळवून आपण कोणाचे व का मानले, हे लिहावे. दिलेल्या मुदतीत काम होणार नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीच वाढ मागावी. परीक्षा व मूल्यमापनाचे दिवस असल्याचे कारण संपादक सहसा समजून घेतात.