‘पुढे’ म्हणजे कोणीकडे? : कॅमेरा-ड्रोनच्या उड्डाणरीती आणि दिशावाचक शब्दांचा अर्थ

१. विषयप्रवेश

सामान्य ग्राहकास विकत घेता येईल असा, कॅमेरा बसविलेला छोटा ड्रोन गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. या यंत्राबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत वजन, वेग, कॅमेऱ्याची शक्ती इत्यादींबरोबर ‘उड्डाणरीतीं’ची एक यादी दिलेली असते. या रीती म्हणजे ग्राहकाच्या सोयीसाठी पुरविलेल्या सुविधा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रत्येक उड्डाणरीत म्हणजे पुढे, मागे, डावीकडे, स्थिर, उंच, घर, मी अशा अगदी साध्या शब्दांना यंत्राने दिलेला एक निश्चित अर्थ होय. रीत बदलली की शब्द तोच राहतो, परंतु त्याचा अर्थ पालटतो. हा पालट चालकाच्या ध्यानात आला नाही तर यंत्र झाडावर वा भिंतीवर आदळते, आणि खाली माणसे असल्यास त्यांच्या जिवाशी गाठ पडते. यास्तव या विषयाचा भाषाशास्त्राच्या अंगाने विचार करणे केवळ कुतूहलाचे नव्हे, तर उपयोगाचेही आहे.

उदाहरणादाखल ‘डीजेआय’ या चिनी संस्थेची ‘फॅन्टम’ मालिका, व तीतही मुख्यतः मार्च २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फॅन्टम ४’ हा ड्रोन घेतला आहे. हे प्रतिमान आता जुने झाले आहे. तथापि त्यात रूढ झालेल्या कल्पना पुढील यंत्रांतही थोड्याफार फरकाने आढळतात.

२. यंत्राचे स्वरूप

फॅन्टम ४ चे वजन १,३८० ग्रॅम असून एका विद्युत्‌घटावर ते सुमारे २८ मिनिटे उडू शकते. त्यास चार पंखे असतात. कर्णरेषेवरील एक जोडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे व दुसरी जोडी त्याच्या उलट फिरते. मागील दोन पंख्यांचा वेग वाढविला की यंत्र पुढे कलते व त्या दिशेने सरकते. एका कर्णजोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की ते जागच्या जागी वळते. कॅमेरा तीन अक्षांवर फिरणाऱ्या झोल्यात टांगलेला असल्यामुळे यंत्र कलले तरी चित्र कलत नाही.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बैलगाडी किंवा सायकल जिकडे तोंड करील तिकडेच जाते. ड्रोनचे तसे नाही. तोंड पूर्वेस ठेवून तो उत्तरेस जाऊ शकतो. तोंडाची दिशा व गतीची दिशा यांची अशी फारकत झाली म्हणजे ‘पुढे’ या शब्दाचा अर्थ गृहीत धरता येत नाही, तो ठरवावा लागतो.

३. ‘डावे-उजवे’ कोणाचे?

दिशा सांगण्याच्या तीन प्रमुख पद्धती भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्टीफन लेव्हिन्सन यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यांचे विस्तृत विवेचन आहे. पहिली वस्तुनिष्ठ : दिशा वस्तूच्या स्वतःच्या अंगांवरून ठरते. दुसरी द्रष्टृनिष्ठ : दिशा पाहणाऱ्याच्या शरीरावरून ठरते. तिसरी निरपेक्ष : दिशा उत्तर-दक्षिण यांसारख्या स्थिर चौकटीवरून ठरते. उत्तर क्वीन्सलँडमधील गूगू यिमिथिर या भाषेचे भाषक हाताजवळच्या वस्तूंची जागाही डाव्या-उजव्याने न सांगता या तिसऱ्या पद्धतीने सांगतात.

मराठीत तिन्ही पद्धती नांदतात. खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याचे ‘उजवेपण’ पाहणाऱ्यावर अवलंबून नाही; नदीच्या प्रवाहाकडे तोंड केले असता जो उजवा, तो उजवा. ही वस्तुनिष्ठ पद्धती होय. ‘झाडाच्या डावीकडे उभा राहा’ असे आपण म्हणतो तेव्हा झाडास डावी-उजवी बाजू नसल्याने बोलणाऱ्याची बाजू अभिप्रेत असते. आणि जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असे निरपेक्ष पद्धतीनेच लिहितात, कारण तेथे ‘डावीकडे’ असे लिहिल्यास पुढील पिढीत तंटा उभा राहील.

ड्रोनची नेहमीची रीत वस्तुनिष्ठ आहे. नियंत्रकावरील दांडी उजवीकडे लोटली की यंत्र आपल्या स्वतःच्या उजवीकडे जाते. त्याची पाठ चालकाकडे असेपर्यंत दोघांचे उजवे एकच असते व काही अडचण येत नाही. परंतु यंत्राने चालकाकडे तोंड केले की त्याचे उजवे ते चालकाचे डावे होते. नवशिक्याचे यंत्र परतीच्या वाटेवर भरकटते ते बहुधा याच ठिकाणी. हात द्रष्टृनिष्ठ भाषेत बोलत असतो आणि यंत्र वस्तुनिष्ठ भाषेत ऐकत असते.

ही अडचण टाळण्यासाठी फॅन्टम मालिकेत दोन विशेष रीती दिल्या गेल्या. ‘कोर्स लॉक’ या रीतीत, ती सुरू करतेवेळी यंत्राचे तोंड जिकडे असेल ती दिशा ‘पुढे’ म्हणून कायम होते. समजा, ती पूर्व आहे. तर यापुढे यंत्र कसेही वळले तरी दांडी पुढे लोटताच ते पूर्वेस जाईल. येथे ‘पुढे’ हा शब्द निरपेक्ष झाला. मात्र तो चालकाच्याही शरीराशी बांधलेला नाही. चालक स्वतः पश्चिमेस वळून उभा राहिला, तर ‘पुढे’ म्हणजे त्याच्या पाठीमागे, हे त्याने विसरता कामा नये.

‘होम लॉक’ ही रीत याहून निराळी. तीत दांडी मागे ओढणे म्हणजे उड्डाणाच्या मूळ स्थानाकडे येणे व पुढे लोटणे म्हणजे त्यापासून दूर जाणे. दिशेचा आधार येथे एक ठिकाण आहे. बाली बेटात पर्वताकडची व समुद्राकडची अशा दिशा मानतात, तसाच हा प्रकार. यंत्र त्या स्थानाच्या ऐन माथ्यावर असेल तेव्हा ‘त्याच्याकडे’ या दिशेस अर्थच उरत नाही, ही तिची अंगभूत मर्यादा होय.

४. ‘स्थिर’ कशाच्या संदर्भात?

दांड्या सोडून दिल्या की ड्रोन स्थिर राहतो, असे म्हणतात. परंतु स्थिरता ही नेहमी कशाच्या तरी संदर्भात असते. फॅन्टम ४ च्या नियंत्रकावर पी, ए व एस अशा तीन रीतींची कळ आहे. पी म्हणजे पोझिशनिंग, अर्थात् स्थाननिश्चितीची रीत. तीत यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपले पृथ्वीवरील स्थान जाणते व वारा सुटला तरी तेथेच टिकून राहते. उपग्रहांचे संकेत क्षीण झाल्यास ते पोटाखालील कॅमेऱ्यांनी जमिनीवरील खुणा पाहून स्थान राखते. मात्र हे सुमारे १० मीटर उंचीपर्यंतच साधते, आणि खाली वाहते पाणी किंवा एकरंगी पृष्ठभाग असल्यास खुणा सापडत नाहीत वा फसव्या ठरतात. दोन्ही साधने निकामी झाली की यंत्र वायुभारमापकाच्या आधारे केवळ उंची राखते. म्हणजे कळ पी वरच आहे, नाव तेच आहे, पण अर्थ तीन आहेत. आणि त्यांतील कोणता लागू आहे हे परिस्थिती ठरविते. संदर्भाने अर्थ पालटणाऱ्या शब्दाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

ए म्हणजे ॲटिट्यूड. या शब्दाचा नेहमीचा अर्थ मनोवृत्ती. उड्डाणशास्त्रात मात्र त्याचा अर्थ विमानाचा क्षितिजाशी असलेला कल. या रीतीत यंत्र आपला कल समतल ठेवते, उंची राखते, परंतु स्थान राखत नाही. वाऱ्याबरोबर ते वाहत जाते. पी मध्ये यंत्र जमिनीच्या संदर्भात स्थिर असते. ए मध्ये ते भोवतालच्या हवेच्या संदर्भात स्थिर असते. नदीत पाय रोवून उभा असलेला मनुष्य व पाण्यावर निवांत तरंगणारा मनुष्य यांच्यात जो भेद, तोच येथे आहे.

एस म्हणजे स्पोर्ट. या रीतीत वेग सेकंदास २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरपर्यंत जातो. परंतु याच रीतीत समोरचा अडथळा ओळखून थांबण्याची यंत्रणा बंद असते. पी मध्ये झाडासमोर थांबणारे यंत्र एस मध्ये थांबत नाही. ‘स्पोर्ट’ या नावावरून खेळाचा बोध होतो. दृष्टी मिटल्याचा होत नाही.

५. ‘उंच’, ‘घर’ आणि ‘मी’

नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारी उंची ही यंत्राखालील जमिनीपासूनची नसून उड्डाणस्थानापासूनची असते. दरीतून उडविलेला ड्रोन समोरच्या डोंगराकडे नेला, तर पडदा ४० मीटर दाखवीत असता यंत्र प्रत्यक्षात उताराला भिडलेले असू शकते. उलट, कड्यावरून उडवून दरीवर नेले, तर पडद्यावर शून्य असूनही खाली शेकडो मीटर पोकळी असते.

‘रिटर्न टू होम’ या रीतीविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. घट उतरू लागला, चालकाने कळ दाबली किंवा नियंत्रकाशी संबंध ३ सेकंदांहून अधिक काळ तुटला, तर यंत्र आपण होऊन ‘घरी’ परतते. परंतु घर म्हणजे चालक नव्हे. उड्डाणसमयी उपग्रहांवरून नोंदलेला तो एक बिंदू आहे. नावेतून उडविलेला ड्रोन नाव पुढे गेल्यावर परतला, तर तो जेथून उडाला तेथे, म्हणजे पाण्यावर उतरतो. परतताना तो आधी ठरविलेल्या उंचीवर चढतो. ही उंची मुळात ३० मीटर ठेवलेली असते, व तीही उड्डाणस्थानापासूनच मोजली जाते. वाटेत त्याहून उंच इमारत किंवा टेकडी असेल, तर ही उंची पूर्वीच वाढवून ठेवणे हे चालकाचे कर्तव्य होय.

‘फॉलो मी’, म्हणजे ‘माझ्या मागे ये’, या रीतीत ‘मी’ कोण? नियंत्रकास जोडलेला मोबाइल. सर्वनाम जसे बोलणाऱ्यागणिक बदलते, तसा नियंत्रक दुसऱ्याच्या हाती गेला की ‘मी’ ही बदलतो. ‘ॲक्टिव्हट्रॅक’ या रीतीत मात्र यंत्र पडद्यावर निवडलेल्या आकृतीचा तिच्या रूपावरून मागोवा घेते. तेथे ‘मी’ नाही, ‘तो’ आहे. आणि ‘तो’ झाडाआड गेला किंवा तशाच वेषाची दुसरी व्यक्ती मधून गेली, तर वाक्यातील संदिग्ध सर्वनामाप्रमाणे ‘तो’ म्हणजे नेमका कोण, याविषयी यंत्राचा घोटाळा होऊ शकतो.

६. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पहिली व्यवहाराची. उड्डाणापूर्वी चालकाने स्वतःस चार प्रश्न विचारावेत : या रीतीत ‘पुढे’ कोणाचे? ‘स्थिर’ कशाच्या संदर्भात? ‘उंची’ कोठून मोजलेली? आणि ‘घर’ कोठे नोंदलेले? या चारांची उत्तरे ज्यास देता येतात, त्यास रीतींची नावे पाठ नसली तरी चालतील.

दुसरी गोष्ट परिभाषेची. अशा यंत्रांची माहिती मराठीत लिहिण्याचे काम आता वाढत जाणार आहे. ‘होम’ला ‘घर’, ‘ॲटिट्यूड’ला ‘वृत्ती’ असे शब्दास शब्द ठेवल्याने भाषांतर झाल्यासारखे दिसेल. परंतु मूळ इंग्रजी नावातील फसवेपणाही त्याबरोबर मराठीत येईल. त्यापेक्षा ‘प्रस्थानबिंदू’, ‘समतल रीत’, ‘बद्धदिशा रीत’, ‘अडथळादृष्टीविना वेगवान रीत’ अशी, यंत्र प्रत्यक्षात काय करते ते सांगणारी नावे स्वीकारावीत. ती किंचित लांब आहेत, हे खरे. पण ज्याच्या हाती दांडी आहे त्यास नावाच्या लालित्यापेक्षा त्याच्या अर्थाची गरज अधिक असते, आणि ज्यांच्या डोक्यावरून ते यंत्र जाणार आहे त्यांना तर ती त्याहूनही अधिक असते.