बदली कामगार नसलेले घर

रसायनांच्या कारखान्यात एक नियम नवशिक्या कामगारालाही पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत जागा सोडायची नाही. तापलेले पात्र, उघडी झडप, चढता दाब यांना माणसाच्या थकव्याशी देणेघेणे नसते. म्हणूनच प्रत्येक जागेमागे एक रिलीव्हर आणि तो आजारी पडल्यास त्याच्या जागी बदली, अशी साखळी व्यवस्थापनाला उभी करावीच लागते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती पाताळगंगेच्या परिसरात जी वस्ती वाढली आणि जिला नावही 'रसायनी' असेच मिळाले, तेथील दोन पिढ्या या तीन पाळ्यांच्या शिस्तीत वाढल्या. त्याच रसायनीतील एखाद्या घरात अंथरुणास खिळलेल्या अपंग माणसाची शुश्रूषा करणारी बाई मध्यरात्री उलट्या-जुलाबांनी हैराण झाली, तर तिच्या जागी येणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपटावर नसते.

पोटाचा संसर्ग हे दुखणे तसे क्षुल्लक मानले जाते आणि धडधाकट माणसापुरते ते खरेही आहे. दोन दिवस पडून राहावे, पेज घ्यावी, तिसऱ्या दिवशी उठावे. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की ते घरोघर येऊन जाते आणि कोणी त्याची फारशी दखलही घेत नाही. परंतु या दुखण्याचा सगळा उपचार एका गृहीतावर उभा आहे : आजारी माणसाला पडून राहता येते. ज्या घरात पडून राहण्याची जागा आधीच दुसऱ्याने व्यापलेली आहे, तेथे हे गृहीतच कोसळते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा १९ वर्षांचा, जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने परावलंबी. त्याला भरवावे लागते, तेही उठवून बसवून, चमच्या-चमच्याने. फिट येऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या गोळ्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. वडील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात कंत्राटदाराकडे, त्या आठवड्यात रात्रपाळीला. रात्री एकच्या सुमारास आईला पहिली उलटी होते. तीनपर्यंत तिला भिंतीचा आधार घेतल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही. मुलाची कूस बदलायची वेळ टळून गेलेली असते आणि त्याचे कपडे ओले असतात. चाळीस किलोंचा देह तिला एरवी सवयीने पेलतो, आज पेलत नाही. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसून सकाळची वाट पाहते.

सकाळी वडील येतात. रात्रभर उभे राहून आलेल्या माणसाला आता घरातील पाळी करायची आहे आणि ती त्याला येत नाही. निळ्या झाकणाच्या बाटलीतले औषध आधी की नंतर, घास किती पातळ हवा, मुलगा मान वळवतो तेव्हा त्याला नको असते की दुखत असते, हे सारे ज्ञान एका डोक्यात आहे आणि ते डोके तापाने ठणकत आहे. रात्री कामावर गेले नाही तर खाडा, आणि कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. पेणला दिलेली मुलगी दुपारच्या गाडीने येऊ शकते. तिचे पोर लहान आहे, आणि ती परत जाताना आजार सोबत नेणार नाही याची खात्री नाही. शेजारीण पेज आणून देते, पाणी भरून देते. पण १९ वर्षांच्या मुलाचे लंगोट ती बदलणार नाही, आणि तिने ते बदलावे असे आई म्हणणारही नाही. आपल्याकडील शेजारधर्म मोठा आहे. तो स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि देहाच्या उंबऱ्याशी थांबतो. यात दोष कोणाचा नाही, परंतु नेमकी गरज त्या उंबऱ्याच्या आतच असते.

या दुखण्याचा दुसरा पेच असा की, शुश्रूषेचे साधन आणि संसर्गाचे साधन एकच : हात. उलट्या-जुलाबांच्या साथीत पुष्कळदा ज्याचा हात असतो तो नोरोव्हायरस अत्यल्प प्रमाणात पोटात गेला तरी पुरतो आणि साधारण १२ ते ४८ तासांत आपले अस्तित्व दाखवतो. करोनाच्या काळात घरोघर पोहोचलेले सॅनिटायझर त्याच्यावर फारसे चालत नाही. तेथे साबण आणि वाहते पाणीच लागते. माखलेली फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावी आणि कपडे वेगळे धुवावेत, हे सोपे. परंतु उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही ४८ तास आजारी माणसाने इतरांसाठी अन्न शिजवू नये, हा वैद्यकातील साधा संकेत अशा घरात वाचून दाखवला तर ती बाई हसेल. निदान एवढे व्हावे : या दिवसांत शिजवणे दुसऱ्याकडे जावे, भरवण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात साबणाने धुतले जावेत, मुलाची भांडी वेगळी ठेवावीत आणि पाणी उकळलेलेच द्यावे.

मुलालाही संसर्ग झाला तर काळजीचे कारण अधिक. तहान लागल्याचे त्याला सांगता येत नाही. जीभ कोरडी पडणे, लघवी कमी होणे, एरवीपेक्षा अधिक गुंगीत राहणे, यांवरूनच ते ओळखावे लागते. जलसंजीवनी द्यायची तीही बसवून आणि थोडी थोडी. आडव्या माणसाच्या तोंडात भांडे ओतले तर ती पोटाऐवजी फुप्फुसात जाण्याची भीती. फिटची गोळी उलटीबरोबर बाहेर पडली, तर पुन्हा द्यावी की नाही हे डॉक्टरला विचारूनच ठरवावे. आणि जुलाब बांधणाऱ्या गोळ्या दुकानदाराच्या सल्ल्याने देऊ नयेत. सामान्य घरात जे दोन दिवसांचे हाल, ते येथे रुग्णालयाचे कारण बनू शकते, आणि रसायनीहून त्यासाठी बहुधा पनवेल गाठावे लागते. न बसू शकणारा मुलगा आणि न उभी राहू शकणारी आई यांना एका रिक्षात घेऊन!

जलसंजीवनीचा उल्लेख झाला आहे, तर तिचा इतिहासही येथे आठवावा. १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम केले ते रुग्णांच्या नातलगांनी. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण या उपायाने ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीसांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, ते योग्यच झाले. मात्र या यशाचे अर्धे भांडवल नातलगांचे हात हे होते. सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ लिटरभर पाण्यात मिसळण्याची कृती आज शाळेतील मुलालाही येते; ते पाणी तासन् तास पाजत बसणारा माणूस मात्र घरातील कोणीतरी असतोच, असे सार्वजनिक आरोग्याचे सारे नियोजन धरून चालते.

अर्थशास्त्रानेही हेच धरून चालण्याची सवय लावून घेतली आहे. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, फक्त वेतन थांबले. शंभर वर्षांनंतरही हिशेबाची ही पद्धत बदललेली नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, पुरुष ९७. घरातील माणसांच्या शुश्रूषेत हेच आकडे १३४ आणि ७६ असे आहेत. पण सरासरीच्या आकड्यांत हा प्रश्न दिसत नाही. अपंग मुलाच्या आईची अडचण केवळ ती किती मिनिटे काम करते ही नाही; ती एकही दिवस गैरहजर राहू शकत नाही, ही आहे. कारखान्यात महत्त्वाच्या पंपाशेजारी राखीव पंप बसवतात. तो वर्षातील बहुतेक दिवस बंद असतो आणि तरीही त्याच्यावरील खर्च कोणी वाया गेला असे म्हणत नाही.

संघटित कामगाराला ही गोष्ट कायद्याने फार पूर्वी मिळाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. त्याच वर्षीच्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मात्र आजारी पडली ती त्याची पत्नी, आणि काम अडले ते घरातील, तर विम्याच्या दृष्टीने कोणाचेच वेतन बुडालेले नसते. तिला औषध मिळेल, बदली मिळणार नाही.

जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषा-विमा लागू केला, तेव्हा या गोष्टीचा विचार केलेला दिसतो. घरी शुश्रूषा करणारा नातलग आजारी पडला किंवा सुटीवर गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचा खर्च ठरावीक मर्यादेत विमा देतो. वर्षाकाठी सहा आठवड्यांची ही मुदत जुलै २०२५ पासून आठ आठवडे झाली आहे. ब्रिटनचा अनुभव वेगळ्या कारणाने बोधक आहे. तेथे १९७६ साली शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, परंतु विवाहित स्त्रियांना वगळून. त्या तशाही घरीच असतात, हा त्यामागचा तर्क. युरोपीय न्यायालयात प्रकरण गेल्यावर १९८६ साली हा भेद संपला. तो तर्क मात्र ब्रिटनपुरता मर्यादित नव्हता. आपल्या गावोगावच्या कचेऱ्यांतही तो उच्चार न करता सुखाने नांदतो आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मोबदला घेऊन वा न घेता काळजी घेणाऱ्या आई-वडिलांना आणि कुटुंबीयांना 'काळजीवाहक' अशी व्याख्या दिली, आणि अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख केला. सोबत 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती जोडली. सरकारी कागदांत अपंगाचा 'दिव्यांग' झाला; काळजी घेणारीला एक नाव मिळाले, त्याला अजून वजन यायचे आहे. केरळात आश्वासकिरणम् योजनेखाली अशा शुश्रूषकांना दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद झाली. रक्कम लहान असली तरी पैसे शुश्रूषा करणारीच्या नावे निघतात, हे महत्त्वाचे. राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' ही योजना अपंग व्यक्तीला काही काळ निवासी केंद्रात ठेवून कुटुंबाला उसंत देण्यासाठी आहे. कल्पना स्तुत्य, पण ज्या घरात जुलाब सुरू आहेत त्या घरातील मुलाला दहा जणांच्या केंद्रात नेऊन ठेवणे शहाणपणाचे नाही. या आजारात बदली माणूस घरीच यावा लागतो.

एके काळी रसायनीत तो काही अंशी येतही असे. कंपनीच्या वसाहतीत शेजारची घरे एकाच भोंग्यावर चालत, कोणाच्या घरी काय आहे हे जिन्यातच कळे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचे रसायनी येथील प्रकल्प, अवकाश संशोधन संस्थेला लागणाऱ्या इंधनघटकाचा एक कारखाना वगळून, बंद करण्याचा निर्णय घेतला. इतर कारखाने चालू आहेत, परंतु कायम कामगाराची जागा मोठ्या प्रमाणावर कंत्राटी कामगाराने घेतली आहे. भाड्याच्या खोलीत राहणारे शेजारी वर्षा-दोन वर्षांत बदलतात. वसाहतीच्या आठवणी काढणाऱ्यांनी एवढे मात्र विसरू नये की, त्या वसाहतीतही जड काम बाईच करीत होती, फक्त तिला हाक मारायला माणूस जवळ होता.

पैसा कोठून यायचा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा शासनाचा दंडक आहे; पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. ही रक्कम बहुधा वर्षातून एकदा वस्तूंच्या वा धनादेशांच्या रूपाने वाटली जाते, छायाचित्र निघते आणि विषय संपतो. कारखान्यांकडून कर मिळणाऱ्या खालापूर तालुक्यातील ग्रामपंचायतींना याहून चांगले काही करता येण्यासारखे आहे. समजा, एका ग्रामपंचायतीत एकट्या शुश्रूषकावर चालणारी ४० घरे आहेत आणि प्रत्येक घराला वर्षात ६ दिवस बदली माणूस लागतो. दिवसाला ५०० रुपये धरले तरी २४० दिवसांचे १ लाख २० हजार होतात. वर्षाला २४ लाख स्वउत्पन्न असलेल्या ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांत हे बसते. अशी घरे कोणती, हे आशा कार्यकर्तीला विचारले तर ती एका दुपारी यादी करून देईल.

यावर आक्षेप येईल तो पैशाचा नव्हे. परक्या माणसाच्या हाती मूल कोण देईल, आणि त्याला त्या मुलाचे काय कळणार? आक्षेप रास्त आहे. कारखान्यातही नव्या माणसाला थेट झडपेवर उभे करीत नाहीत. तो काही दिवस जुन्या माणसाशेजारी नुसता उभा राहून पाहतो. तेव्हा त्या सहा दिवसांपैकी पहिले दोन दिवस घरात कोणीच आजारी नसताना वापरावेत. बदली बाईने, मुलगा मोठा असेल तर बदली पुरुषाने, आईशेजारी बसून सगळे पाहावे, एकदा स्वतः भरवावे, एकदा कूस बदलावी. मुलानेही तो चेहरा ओळखावा. आणि आईच्या डोक्यातील गोष्टी तेवढ्या वेळात कागदावर उतरवून भिंतीला लावाव्यात : गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा फोन, घास किती पातळ, उचलताना हात कोठे घालायचा, आणि तो मान डावीकडे वळवतो तेव्हा त्याला पाणी हवे असते.