यादीतील पुढची आणि मागची वाट

पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यामुळे परिचित असलेल्या इस्लापूरच्या परिसरातून मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग जातो. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट आणि आदिलाबाद ही त्यावरील काही स्थानके होत. आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीसाठी ही नावे याच क्रमाने दाखवावी लागतात आणि परतीच्या गाडीसाठी उलट क्रमाने. माणूस अशी यादी एका नजरेत पाहतो, संगणकाचा प्रोग्रॅम मात्र एका वेळी एकाच नावापाशी उभा असतो. त्यामुळे तेथून पुढे आणि मागे कसे जायचे, हे यादी रचतानाच ठरवावे लागते.

यादी ठेवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ॲरे. तीत घटक मेमरीत लागोपाठ ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक, म्हणजे इंडेक्स, असतो. बहुतेक प्रचलित भाषांत हा क्रमांक 0 पासून सुरू होत असल्याने मुदखेड 0 वर आणि आदिलाबाद 5 वर येते. क्रमांकात एक मिळवला की पुढचे स्थानक मिळते, एक वजा केला की मागचे. अडचण येते ती टोकाला. मुदखेडहून आणखी मागे गेल्यास इंडेक्स उणे 1 होतो. पायथॉन भाषेत उणे 1 याचा अर्थ शेवटचा घटक असा असल्याने प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता थेट आदिलाबाद दाखवतो. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिशेला घटक शिल्लक आहे की नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.

ॲरेच्या मधोमध नवे नाव घालायचे झाल्यास त्यापुढची सर्व नावे एकेक जागा सरकवावी लागतात. ही सरकवासरकव टाळणारी रचना म्हणजे लिंक्ड लिस्ट. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी 1955-56 च्या सुमारास ती विकसित केली. या रचनेत घटक मेमरीत कुठेही विखुरलेले असू शकतात, कारण प्रत्येक घटक स्वतःबरोबर पुढच्याचा पत्ता बाळगतो. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. मात्र केवळ पुढचा पत्ता असलेल्या, म्हणजे एकेरी यादीत किनवटला पोहोचल्यावर सहस्रकुंड कुठे आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही; ते शोधण्यासाठी पुन्हा मुदखेडपासून सुरुवात करावी लागते. दुहेरी यादीत प्रत्येक घटक मागच्याचाही पत्ता ठेवतो. 64 बिटांच्या संगणकावर त्यासाठी सामान्यतः प्रत्येक घटकामागे 8 बाइट जास्त खर्च होतात, परंतु कोणत्याही घटकापासून एका पावलात मागे येता येते.

या सोयीबरोबर जबाबदारीही वाढते. सहस्रकुंड आणि किनवट यांच्यामध्ये बोधडी घालायचे असेल, तर बोधडीचे दोन पत्ते, सहस्रकुंडचा पुढचा आणि किनवटचा मागचा, असे चार पत्ते नीट लिहावे लागतात. यांतील शेवटचा राहून गेला, तर पुढे जाताना बोधडी व्यवस्थित दिसते, मात्र किनवटहून परतताना ते वगळले जाते. यादी फक्त पुढच्या दिशेने तपासणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही.

जावा भाषेत दोन्ही दिशांनी फिरण्यासाठी लिस्ट इटरेटर नावाचे साधन आहे. त्याचा दर्शक घटकावर नसून दोन घटकांच्या मधल्या फटीत उभा असतो. त्याला पुढचा घटक मागितला की तो किनवट ओलांडून किनवटचेच नाव देतो, आणि लगेच मागचा मागितला की उलट दिशेने तेच स्थानक ओलांडून पुन्हा किनवट देतो. नवशिक्याला येथे सहस्रकुंड अपेक्षित असते, परंतु दर्शकाची जागा लक्षात घेतल्यास हे उत्तर पूर्णपणे सुसंगत ठरते.

ब्राउझरमधील मागे-पुढे जाण्याची बटणे असोत वा लिहिताना केलेला बदल रद्द करण्याची सोय असो, वापरणाऱ्याला मागे येणे सहज वाटते, कारण त्याची तजवीज कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते. म्हणूनच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने यादी निवडण्यापूर्वी तीतून कोणत्या दिशांनी जावे लागणार आहे हे ठरवावे, आणि ती तयार झाल्यावर दोन्ही टोकांकडून चालून पाहावी. यादीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते.